दुखलं तर हात वर कर

डॉक्टरांचे वडील गाऊन कथा सांगत. प्रार्थनागृहात दर आठवड्याला त्यांची बैठक असे. लोक पेंगायला लागले की ते मध्येच थांबून म्हणत, देव फार जाणता आहे. माणूस पहिल्या वेळी हयगय करणार हे ओळखून त्यानं दात दोनदा दिले. जीभ मात्र एकदाच दिली, कारण तिची हयगय करणाऱ्याला दुसरी देऊनही काय फरक पडणार? सभा हसायची. वडिलांच्या मागे उभी असलेली त्यांची दोन मुलंही हसायची, तोच विनोद शंभरदा ऐकलेला असूनही. पुढे मोठी मुलगी वडिलांच्या जागी उभी राहून गाऊ लागली आणि धाकटा दातांचा डॉक्टर झाला. एकीला जीभ, एकाला दात, अशी वाटणी झाली म्हणायची.

लहानपणी त्या दोघांकडे पालुपदाचं काम होतं. वडील ओळ गाऊन संपवत, की मागून दोघांनी पालुपद उचलायचं. ताई ओळ पुरी होईपर्यंत श्वास धरून उभी राहायची. धाकटा मात्र ओळीतला शेवटचा शब्द वडिलांच्या ओठांवर असतानाच सुरू व्हायचा. ताईने त्याचं नाव ठेवलं उतावळ्या. तो साठीचा झाला, डोक्यावरचे केस गेले, दारावरच्या पाटीवर पदव्यांची रांग लागली, तरी ताईच्या तोंडी तो उतावळ्याच राहिला.

त्या सोमवारी सकाळी डॉक्टरांच्या लेकीने त्यांना दवाखान्याच्या मागच्या खोलीत बोलावलं. लेक दाताच्या मुळांचं खास शिक्षण घेऊन दोन वर्षांपूर्वी परतली होती. मागच्या खोलीत तिने छताला टांगलेला सूक्ष्मदर्शक बसवला होता, आणि ज्या दातांपुढे वडील हात टेकत ते दात ती त्या खोलीत वाचवत असे. ताईच्या वरच्या पुढच्या दाताशी, हिरडीवर, पुन्हा एक फोड आला होता. असा फोड वर्षातून एकदा-दोनदा यायचा, डॉक्टर गोळ्या द्यायचे, फोड बसायचा. या वेळी मात्र लेकीने आत्याला वाटेतच अडवलं, आज माझ्या खुर्चीत बस म्हणाली, आणि दाताचं सगळ्या बाजूंनी चित्र काढून घेऊन तिला घरी पाठवलं.

ते चित्र आता संगणकाच्या पडद्यावर होतं. लेकीने बोटाने दाखवलं. दात मेणबत्तीसारखा उभा होता. वातीच्या जागी मुळाची नळी, तीही नीट भरलेली. पण मुळाच्या मध्यावर, हाडाच्या आत, त्या नळीला एक फाटा फुटला होता. सरळ रस्त्यावरून कुणी शेतात शिरावं तसा तो मुळाच्या बाजूने बाहेर पडला होता, आणि जिथे बाहेर पडला तिथे हाडात एक काळी सावली होती.

"हे भोक आपोआप पडलेलं नाही, बाबा," लेक म्हणाली. "पाडलेलं आहे. किती जुनं?"

डॉक्टर खुर्चीवर बसले. पडद्याकडे बघतच म्हणाले, "तिचं गाणं सुटलं त्याच्या तीन महिने आधीचं."

लेकीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. आत्याचं गाणं दातापायी सुटलं, हे तिला सोळाव्या वर्षापासून ठाऊक होतं. मुळांचंच का शिकलीस असं कुणी विचारलं की ती त्या दाताचंच कारण सांगायची. आता तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघण्यापेक्षा डॉक्टरांनी पुन्हा ते भोक बघणं पसंत केलं.

घडलं होतं ते असं. ताई नऊ वर्षांची असताना पायरीवर पडली होती आणि हा दात आपटला होता. असा दात वरून धडधाकट दिसतो, पण आतली नळी वर्षानुवर्षं चुन्याने भरत जाते आणि शेवटी केसाएवढी उरते. बावन्नाव्या वर्षी तो दुखायला लागला तेव्हा ताई भावाकडे आली. अशा दातात नळी शोधायला दोन तास हाताशी लागतात आणि त्याहून जास्त सबुरी लागते. त्या दिवशी बाहेर पाच माणसं ताटकळत होती आणि संध्याकाळी ताईची बैठक होती. डॉक्टरांनी काम पाऊण तासात उरकायला घेतलं. नळी शोधायची बारीक आरी आत गेली, अजून आत गेली, आणि एकदम खळगा रक्ताने भरला.

नस मेलेल्या दातातून रक्त येत नसतं. आलं, म्हणजे आपण दाताबाहेर पडलो. दातांचं शिकणाऱ्याला हे पहिल्याच वर्षी कळतं.

समोरच्या चौकात त्यांच्याच वर्गातला एक डॉक्टर बसत असे. मुळाला पडलेलं भोक बुजवायचं नवं सामान त्याच्याकडे नुकतंच आलेलं होतं आणि तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत असे. ताईला तशीच उठवून रस्ता ओलांडून नेलं असतं तर त्याच दिवशी काम झालं असतं. पण मग त्याला सांगावं लागलं असतं, आणि ताईलाही. डॉक्टरांनी रक्त थांबवलं, भोकात रोजचं सिमेंट दाबलं, खरी नळी हुडकून भरली, आणि ताईच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "झालं. एकदम पक्कं."

तीन महिन्यांनी ती परत आली. दीड तास गायलं की दात ठणकतो म्हणाली. दात का ठणकतो ते डॉक्टरांना माहीत होतं. आणि जे माहीत होतं ते तोंडाशी येऊ लागताच त्यांनी घाईघाईने त्याच्याऐवजी दुसरं काहीतरी पुढे केलं. वरचा सूर लावताना तू जबडा आवळतेस, ताई, त्याचा हादरा मुळाला बसतो. दात हवा असेल तर गाणं कमी कर. त्यांना वाटलं होतं, महिनाभर विश्रांती घेईल, ठणका उतरेल, तोवर आपण काहीतरी करू.

पण ताईला थोडं-थोडकं काही करता येत नसे. देवासमोर अर्धं गायचं म्हणजे अर्धं फसवायचं, असं म्हणून तिने गाणं सोडलंच. तिच्या जागी दुसरी बाई गाऊ लागली. ताई दाराशी उभी राहून येणाऱ्यांच्या हातात गाण्यांची पुस्तकं द्यायची आणि मग शेवटच्या बाकावर बसायची. दाताला आराम मिळाल्यावर ठणका कमी झाला, आणि भावाचं म्हणणं खरंच होतं याची तिला खात्री पटली. चार माणसांत ती सांगायची, माझा भाऊ नसता तर हा दात केव्हाच गेला असता. तिने गाणं सोडलं त्या दिवसापासून डॉक्टरांनी प्रार्थनागृहात जाणं टाळलं. पेशंट फार असतात, असं ते घरी सांगत. अकरा वर्षं पेशंट फार होते.

हे सगळं लेकीने ऐकून घेतलं. ती ओरडली नाही. तिने एवढंच सांगितलं की दात वाचण्याची आशा आहे, खात्री नाही. त्याच दिवशी बुजवलं असतं तर फोडच आला नसता, आता आजूबाजूचं हाड झिजलंय, ते परत येईल की नाही हे सहा महिन्यांनी कळेल. आणि मग म्हणाली, "आत्याला तुम्ही सांगायचं. मी भरायच्या आधी. अशा गोष्टीवर झाकण म्हणून मी काही भरणार नाही."

डॉक्टरांनी होकार दिला.

गुरुवारी ताई आली ती नेहमीसारखी, पिशवीत विणकाम, तोंडात बोलणं. खुर्चीत आडवी होता होता तिने भाचीला विचारलं, तू माझ्या दातात घालणार काय आहेस ते तरी सांग. भाचीने तिला एक छोटी नळकांडी दाखवली. तिच्या टोकाशी पांढरं, मऊ, लोण्यासारखं काहीतरी होतं. याला बायोसिरॅमिक म्हणतात, ती म्हणाली, घर बांधायच्या सिमेंटचाच हा शिकलेला चुलतभाऊ. अंगाला परका वाटत नाही, हाड याच्या शेजारी येऊन नांदतं.

"म्हणजे तोंडात बांधकाम," ताई म्हणाली. "आणि ओल लागली म्हणजे?"

"याला ओलच लागते, आत्या. जुनी सिमेंटं ओलीने सुटायची. हे ओल मिळाली की मगच धरतं."

"मग माझ्या तोंडात छान धरेल. ओलीला तोटा नाही." मग ती भावाकडे वळली. तो मुखपट्टी लावून, हत्यारांचा ट्रे घेऊन मदतनिसाच्या जागी उभा होता. "काय रे उतावळ्या, आज लेकीच्या हाताखाली? बढती झाली म्हणायची."

डॉक्टर हसले. लेक हसली नाही. तिने सुई हातात घेतली आणि थांबून म्हणाली, बाबा, आत्याला काही सांगायचं होतं ना तुम्हाला? सांगतो की, डॉक्टर म्हणाले, आधी बधिर तर कर. दात बधिर झाला. लेकीने पुन्हा पाहिलं. डॉक्टर ट्रेवरची हत्यारं सारखी करत होते, जी आधीच सारखी होती. जन्मभर घाई केलेल्या माणसाला त्या सकाळी काही म्हणता काही सुचेना. शेवटी लेकीने रबराचा हिरवा पडदा ताणून बसवला. त्यातून फक्त तो एक दात बाहेर आला आणि बाकीची ताई, जीभ आणि सगळ्या बोलण्यासकट, पडद्याच्या मागे गेली. डोळ्यांवर काळा चष्मा होता. लेकीने तिला सांगितलं, "आता तुला बोलता यायचं नाही, आत्या. दुखलं तर डावा हात वर कर. मी लगेच थांबेन."

ही सूचना डॉक्टरांनी स्वतः चाळीस वर्षं दिली होती, दिवसातून पंधरा-वीस वेळा, समोरच्याकडे न बघता.

काम सुरू झालं. लेक सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसली होती आणि तिचा हात इतका हळू चालत होता की चालतो आहे हे फक्त आवाजावरून कळत होतं. आतलं जुनं सिमेंट कणाकणाने सुटून बाहेर येत होतं, तपकिरी, भुसभुशीत. प्रत्येक कण ती कापसाच्या घडीवर पुसायची, आणि ती घडी डॉक्टरांच्या हातात होती. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी आपल्याच हाताने आत दाबलेलं परत त्यांच्याच हातात येत होतं. मग औषधाने धुणं, पुन्हा धुणं, झिरपणारं रक्त थांबवणं. तासाभराने भोकाची कड स्वच्छ दिसू लागली. लेकीने त्या पांढऱ्या लोण्यातला तांदळाच्या कणीएवढा तुकडा हत्याराच्या टोकावर उचलला आणि हात दाताच्या वरच अधांतरी थांबवला.

"बाबा. मी आता भरतेय."

यापुढे टाळायला जागाच नव्हती. डॉक्टर बोलायला लागले, आणि बोलायला लागल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण नेमकी ती वेळ गाठली आहे जेव्हा तिला उलटून एक शब्द बोलता येणार नाही. तरी ते थांबले नाहीत, थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते. बाहेर बसलेली पाच माणसं, आरी, रक्त, चौकातला तो वर्गमित्र, सगळं त्यांनी ताईच्या काळ्या चष्म्याकडे बघत सांगितलं. चष्म्यात त्यांना स्वतःचा चेहरा आणि वरचा दिवा दिसत होता.

"ताई, गाण्याने दाताला काहीही झालं नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "भोक मी पाडलं होतं. आणि गाणं सोड म्हणालो ते मला सांगायचं नव्हतं म्हणून."

ताईचा डावा हात वर झाला.

लेकीने तत्क्षणी हत्यार मागे घेतलं. हात तसाच वर राहिला, खुर्चीच्या हातापासून वीतभर उंच, बोटं जराशी मिटलेली. लेकीने हळूच विचारलं, आत्या, दात दुखतोय का? हात हलला नाही. पडदा काढू? तू सांगशील तर काढते. पण तोंडातली लाळ आत जाईल, तासाभराचं धुणं वाया जाईल, पुन्हा दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून करावं लागेल. तुझ्या मनावर आहे.

लाळ ओढणारी नळी पडद्याच्या कडेला घरघर करत होती. डॉक्टरांना वाटलं, तो हात धरावा. पण हात दुखतंय म्हणून वर झालेला होता, आणि दुखवणाऱ्याने तो धरायचा कसा, हे त्यांना कळेना. बऱ्याच वेळाने हात खाली आला. एक बोट मात्र उचललेलं राहिलं, आणि त्या बोटाने ताईने आपल्या दाताकडे खूण केली. भर.

लेकीने कणाकणाने भरलं. दाबायचं, पुन्हा कण, पुन्हा दाबायचं. रबराचा पडदा निघाला, फोटो निघाला, आणि संगणकावरच्या त्या शेतात शिरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी पांढरा बांध दिसला. फार सुरेख काम झालं होतं. एरवी डॉक्टरांनी लेकीची पाठ थोपटली असती.

ताई उठून बसली. चूळ भरायला घेतलं, तर बधिर ओठातून निम्मं पाणी हनुवटीवर ओघळलं. तिने ते रुमालाने टिपलं, चष्मा काढून दिला, पिशवी मांडीवर घेतली. ओठ जड होता म्हणून ती एकेक शब्द सुटा बोलली.

"दाताचं काय रे. हात चुकतो माणसाचा. गाणं कशाला काढून घेतलंस?"

उत्तराची ती वाट बघत बसली नाही. पिशवी उचलून ती बाहेर पडली.

त्यानंतर तिने भावाचा फोन उचलला नाही. भाचीशी बोलायची, पुढची तपासणी कधी ते विचारायची, आणि तेवढ्यावर ठेवायची. दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी डॉक्टर दवाखाना लवकर बंद करून प्रार्थनागृहात गेले. अकरा वर्षांत दाराला नवा रंग लागला होता. दाराशी ताई उभी होती. पुढच्या माणसाला तिने पुस्तक दिलं, मागच्या बाईला दिलं, आणि मधल्या भावालाही दिलं. "पान एक्केचाळीस," ती म्हणाली, जसं सगळ्यांना म्हणत होती तसंच. डॉक्टर आत बसले. पुढे गाणारी बाई मनापासून गात होती, पण वडिलांच्या चालीत जिथे सूर वर चढायचा तिथे ती बाजूने निघून जायची. शेवटच्या बाकाकडे मान वळवून बघण्याचा धीर डॉक्टरांना झाला नाही. त्या संध्याकाळी त्यांनी देवाकडे क्षमा मागितली आणि मागता मागताच त्यांना जाणवलं की आपण पुन्हा घाई करतो आहोत, जिच्याकडे आधी मागायची ती मागच्या बाकावर बसली आहे.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा गेले. मग जातच राहिले. पान किती ते ताई दर वेळी सांगायची. बाकी काही नाही.

सहा महिने झाले. ताई तपासणीला आली. फोड परत आलेला नव्हता. लेकीने दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. काळी सावली निम्म्याहून लहान झाली होती आणि तिच्या कडेने नवं हाड धुक्यासारखं दिसत होतं. दात राहील, आत्या, लेक म्हणाली. आता बिनधास्त चाव, बिनधास्त गा. मग आपण शेवटचं काय म्हणालो ते तिच्या कानावर पडलं आणि काहीतरी आणायचं निमित्त करून ती पुढच्या खोलीत निघून गेली.

खोलीत भाऊ-बहीण उरले. ताई खुर्चीतच होती, अर्धवट टेकलेली. पडद्यावरच्या दाताकडे बघत ती म्हणाली, की तिने गाऊन पाहिलं. घरी, भांडी घासताना, दार लावून. पहिल्या दिवशी वाटलं सवय गेली असेल. महिनाभर पाहिलं. दात काडीचा दुखत नाही.

"ऐक," ती म्हणाली.

तिने वडिलांची ओळ लावली. खालचे सूर जुनेच होते, जरा जाड झालेले, पण त्यांच्यात घरचा वास होता. डॉक्टर खुर्चीच्या मागे उभे होते, वडिलांच्या मागे उभे राहत तसेच. ओळ चढायला लागली. चढणीच्या मध्यावर सूर चिरला. तिने पुन्हा श्वास घेऊन लावून पाहिला, आणि तो पुन्हा तिथेच चिरला. ती थांबली. ओळीतले शेवटचे तीन शब्द राहिले होते.

डॉक्टर वाट बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते ओळ पुरी व्हायची वाट बघत होते, आणि ओळ पुरी होणार नव्हती.

"इथवरच जातो आता," ताई म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "त्रेसष्टाव्या वर्षी नाही परत येत तो. बावन्नाव्या वर्षी होता."

"ताई, मी—"

"बोलू नकोस." पुढच्या खोलीत लेकीने कुठलंसं यंत्र बंद केलं. "पालुपद येतं का अजून तुला?"

येतं, डॉक्टर म्हणाले.

"मग घे ना. एवढी वर्षं घाई केलीस, आता कशाला थांबलास?"

त्यांनी घेतलं. मूळ सुरापासून दोन सूर खाली उतरवून घेतलं, तिला यावंसं वाटलं तर येता यावं म्हणून. त्यांचा आवाज कधीच धड नव्हता, आता तर फाटलेला होता, आणि अकरा वर्षांत पालुपदातला एक शब्दही त्यांनी मोठ्याने उच्चारलेला नव्हता. ताई पडद्याकडे तोंड करून बसून राहिली. पहिली फेरी ते एकटेच गायले. दुसऱ्या फेरीला तिचे ओठ हलताना त्यांना बाजूने दिसले, पण आवाज आला नाही. तिसऱ्या फेरीला, अगदी शेवटच्या शब्दावर, ती आली. तेवढ्या एका शब्दापुरती आली, आणि मग पिशवी उचलून उठली.

दाराशी जाऊन ती वळली.

"या आठवड्याला पान बावीस आहे," ती म्हणाली. "वेळेवर ये."